पाटकऱ्याचे बेचाळीस किलोमीटर

पिंपळवंडीच्या शिवारात कालव्याच्या भरावावरून कुणी चालताना दिसला, आणि अर्ध्या तासाने मान वर केली तरी तो जवळपास तिथंच दिसला, तर खुशाल समजावं की तो समाधान आहे. नोकरी पाटकऱ्याची. धरणातून कालव्याला पाणी सुटलं की भरावावरून चालत जायचं, गेटं उघडायची, चाऱ्यांना, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटांना, पाणी वाटून द्यायचं, मधेच पाईप टाकून कुणी पाणी ओढत असेल तर त्याच्याशी भांडायचं, आणि टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. रोजचं पंधरा-अठरा किलोमीटर चालणं. पण चाल अशी, की बघणाऱ्यालाच दम लागावा. समाधान पाणी सोडून निघाला, की तो टेलला पोचेपर्यंत तिथला कांदा भिजून, पोसून, निघून आळेफाट्याच्या बाजारात गेलेला असतो, असं गावात म्हणत. म्हणत म्हणजे काय, त्याच्या तोंडावर म्हणत. तो हसायचा. हसायलाही जरा वेळ लावायचा.

ह्याला कारण त्याचे वडील भागुजी. त्यांनी तरुणपणी ह्याच कालव्याच्या खोदाईत पाट्या उचललेल्या. पोराला पहिल्यांदा भरावावर नेलं तेव्हा त्यांनी बजावलं, "इथं पळायचं न्हाई. पाय घसरला की गेलास." पोराने ते इतकं मनावर घेतलं की पुढे तो कुठेच पळाला नाही. शाळेत प्रार्थना संपल्यावर पोचायचा. ओतूरला स्वतःच्या लग्नाला पोचला तेव्हा भंतेजींनी दोनदा घड्याळ बघून झालं होतं. बायको आरती अजून ऐकवते, "पन्नास मिनिटं हार हातात धरून उभी व्हते मी. फुलं मान टाकाया लागली, तवा कुठं ह्यांची टोपी दिसली." रस्त्याने चालला की प्रत्येक मोटरसायकलवाला थांबतो, "बस रं मागं, सोडतो." हा म्हणतो, "तू हो पुढं. मी आलोच."

असा हा माणूस मॅरेथॉनमध्ये शिरला कसा? तर बैलामुळे.

समाधानच्या घरापासून दोन बांधांवर हौशीराम आप्पांचा मळा. वय साठ-बासष्ट, मिशा पांढऱ्या, आणि अंगात बैलगाडा. शर्यतीवर बंदी होती ती सगळी वर्षं आप्पांनी गोठ्यात बसून काढली, आणि बंदी उठली त्या दिवशी जिलबी वाटली. त्यांचा हिऱ्या नावाचा बैल घाटात उतरला की माणसं भाकरी हातातच धरून बघायची. घाट म्हणजे गाड्यांची चढाची धावपट्टी. तिथली एक बारी बारा-तेरा सेकंदांत संपते, आणि त्या बारा सेकंदांवर माणसाची वर्षभराची इज्जत ठरते. त्या साली नेमका हिऱ्याचा खूर दुखावला. सगळा हंगाम गोठ्यात. आप्पांना करमेना. त्यातच चौकात फलक लागला, जुन्नरला मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर. जुन्नरहून निघायचं, नारायणगावावरून पिंपळवंडीच्या शिवेपर्यंत यायचं आणि परत जुन्नर.

चहाच्या टपरीवर आप्पा बोलून गेले, "जनावर घडवणाऱ्याला माणूस घडवायला काय लागतंय?"

"मग घडवा की, आप्पा," कुणीतरी काडी टाकली. आता ती कुणी टाकली ह्यात जाण्यात अर्थ नाही. काडी पडली एवढं खरं.

आप्पांनी आजूबाजूला नजर फिरवली. पोरं मोबाईलमध्ये. म्हातारे खोकल्यात. आणि समोरून कालव्यावरून समाधान येत होता, म्हणजे यायचा होता. तो टपरीपर्यंत पोचेपर्यंत आप्पांचा दुसरा चहा झाला. त्यांनी त्याला उभा केला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर सरकवायला लावली आणि बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा पाय बघावा तशी पोटरी दाबून बघितली.

"हाड लई चांगलंय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, दात पण बघता का?" समाधानने विचारलं.

झालं. त्या दिवसापासून सहा आठवडे समाधान आप्पांच्या ताब्यात. आणि इथे जी चूक झाली ती जगाच्या पाठीवर फक्त आपल्याच तालुक्यात होऊ शकते. आप्पांनी त्याला बैलासारखा तयार केला. सकाळी दोन लिटर दूध, चार अंडी, उडदाचा भरडा, वर बदाम. "बैल रोज पळवला की बसला. आठवड्याला एक फेरा, बाकी खुराक आणि आराम." मग रविवारी गावच्या घाटात समाधानला खाली उभा करायचा, आप्पा मागे, आणि "भिर्रर्रर्र" असा आवाज काढला की ह्याने जीव तोडून चढ चढायचा. वर पोचला की आप्पा गळ्यातलं घड्याळ दाबायचे. शर्यतीत सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ ते. दूध-अंडी पुरवणाऱ्या आप्पांच्या पत्नी साळुबाई एक दिवस वैतागून म्हणाल्या, "माझ्या बैलानं येवढं खाल्लं असतं, तर निदान शेण तरी दिलं असतं."

समाधानचं वजन चार किलोने वाढलं. आठवड्याचे सहा दिवस आराम म्हणून त्याने पाटावरचं चालणंही कमी केलं. लांबच्या गेटांपर्यंत कुणाच्याही गाडीवर मागे बसून जायचा. आयुष्यात पहिल्यांदाच लवकर पोचत होता आणि लोकांना वाटत होतं, आप्पांनी काहीतरी चमत्कार केला.

शर्यतीच्या दिवशी समाधान नवे कोरे बूट घालून सुटला तो खरंच बैलासारखा. आप्पा एक्सेल मोपेडवर मागे, तोंडाने भिर्रर्र चालूच. पहिल्या पाच किलोमीटरला पुण्याहून आलेली सडपातळ पोरं वळून बघत होती, हे कोण काका? दहाला तो हसत होता. पंधराला हसू गेलं. पिंपळवंडीला वळला तेव्हा गाव ओरडत होतं, पण त्याला फक्त ओठ हललेले दिसत होते. सत्ताविसाव्या किलोमीटरला कांद्याच्या वावराशेजारी दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले, की तो रस्त्यावर आडवा झाला तो झालाच. मागून येणाऱ्या टेम्पोने त्याला उचललं. वेळेत न पोचणाऱ्यांना गोळा करत हा टेम्पो सगळ्यात शेवटी येतो. आत केळ्यांची रिकामी क्रेट, आणि त्यांच्यामध्ये आमचा पाटकरी, पाय वर करून.

इथवरचं सगळं गावाला ठाऊक आहे. कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो लग्नाच्या आहेरासारखा घरोघरी फिरला. पण पुढचं समाधानने तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आरतीलासुद्धा नाही.

त्याची मुलगी साक्षी जुन्नरच्या कॉलेजात अकरावीला. कॉलेजच्या पोरी पिवळे टी-शर्ट घालून शेवटच्या रेषेपाशी पदकं वाटायला उभ्या होत्या. टेम्पो तिथे येऊन थांबला, मागचं फळकुट पडलं, आणि दोघांनी समाधानला काखेत धरून टोमॅटोचं क्रेट उतरवावं तसा उतरवला. पॅन्ट चिखलाने भरलेली, एका पायात बूट, एक बूट हातात. एका पोरीने साक्षीला विचारलं, "अगं, कोण गं हे काका?"

"काय माहीत," साक्षी म्हणाली, आणि फलकाच्या मागे गेली.

चार हातांच्या अंतरावरच होता तो. ऐकू आलं. फलकाखाली तिच्या चपला दिसत होत्या, त्याने स्वतःच दिवाळीला घेतलेल्या. त्या चपला बराच वेळ हलल्या नाहीत.

सोळा वर्षांच्या पोरीचं काय चुकलं? काही नाही, असं त्याचं त्यालाच वाटलं. पण रात्री जेवताना ती ताटातून मान वर करेना. गावाने शंभर वेळा चिडवलं त्याचं काही वाटलं नाही. ते दोन शब्द मात्र पायात काटा मोडून राहावा तसे राहिले. पुढच्या साली परत पळायचं, हे त्याने त्या ताटावरच ठरवलं. पहिलं यायचं नव्हतं, नंबर काढायचा नव्हता. पोरीच्या डोळ्यांदेखत टेम्पोतून उतरायचं नाही, एवढंच.

ह्या खेपेला आप्पांना न सांगता सुरुवात झाली.

कालव्याच्या भरावावर ठरावीक अंतरावर दगड आहेत, त्यांच्यावर आकडे आहेत. समाधान दोन दगड चालायचा आणि एक दगड पळायचा. पळायचा म्हणजे चालण्यापेक्षा जरासं जास्त. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या असणार हे इथे बारक्या पोरालाही माहीत, म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही, आणि खिशातल्या मोबाईलवर भीमगीतं मोठ्याने लावायची. हातात काठी. लोक म्हणायचे, बिबट्या बघत असंल आणि म्हणत असंल, ह्याच्यामागं कशाला पळू, हाच येतोय हळूहळू.

पण खरी गंमत पुढे आहे. पळण्याचा वेग किती ठेवायचा, हे शिकायला पुण्याची माणसं मनगटावर महागडी घड्याळं बांधतात. समाधानला ते शेतकऱ्यांनी शिकवलं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, चालू असलं की पाटकरी दिसला रे दिसला, की बांधाबांधावरून हाका येतात. "ओ समाधानभाऊ, पाणी कधी?" "वरच्यानं गेट दाबलंय, झोपलाय काय?" "आमच्या चारीला काय शाप हाये का?" प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. पळता पळताच तो उत्तरं देऊ लागला. "उद्या दुपारी." "बघतो, बघतो." "तुझ्या बापानं पाईप टाकलाय तो आधी काढ." आणि त्याच्या ध्यानात आलं, की ज्या चालीत शिवीला पूर्ण वाक्यात उत्तर देता येतं, ती चाल दिवसभर टिकते. उत्तर देताना मधेच श्वास घ्यावा लागला, की समजायचं, पाय चढलेत, आवरा. पाहा म्हणजे! उभ्या महाराष्ट्रात शिव्यांवर वेग मोजणारा एवढा एकच धावपटू असेल.

उन्हाळ्यात चालायचे दगड कमी झाले, पळायचे वाढले. पायाची दोन नखं काळी पडून निघाली, तेव्हा कळलं की बूट जुने आणि एक नंबर मोठे लागतात. एकदा उपाशीपोटी लांब गेला, तर कालव्यावरच्या एका मोरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून खिशात गूळ-शेंगदाणे आणि कागदात बांधलेलं मीठ. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, आळेफाट्यावरून आण्याचा घाट चढून पठारावर दिलेल्या बहिणीकडे जायचा. वीसेक किलोमीटर, तेही चढाचं. पहिल्यांदा दारात पोचला तेव्हा फुलाबाई घाबरली. "कोण गेलं?"

"कुणी न्हाई. मीच आलो. पळत."

"भाऊबीज तर अजून लांब हाये," ती म्हणाली, आणि त्याचा घाम बघून आत गेली ती तांब्या घेऊनच आली. त्या पठारावर पाण्याचा तांब्या किती मोलाचा, हे पाटकऱ्याला सांगावं लागत नाही. त्याने एक घोट तोंडात धरून ठेवला आणि हळूहळू गिळला. मोठ्या अंतरात पाणी प्यायचं ते असंच, हे त्याला तिथे समजलं. घटाघटा प्यायलं की पोटात डुचमळतं, पायांपर्यंत पोचत नाही.

आप्पांना पत्ता लागला श्रावणात. तोवर सगळ्या शिवाराला माहीत होतं. आप्पा भरावावर येऊन आडवे उभे राहिले.

"खुराक नको, घाट नको, आप्पा नको. मंग काय डोंबल पळणार तू?"

समाधान थांबला. "आप्पा, रागावू नका. तुमची बारी बारा सेकंदाची. माझी सहा तासाची. हिऱ्याला सहा तास पळवाल का?"

"येडा का तू? मरंल की जनावर."

"मंग?"

आयुष्यभर जे केलं त्याच्या पलीकडेही पळणं असतं, हे साठीनंतर कळलं की माणूस जरा वेळ कालव्याकडे बघत राहतो. पाणी अगदी भरलेलं होतं, आणि जागचं हलतंय की नाही तेही कळत नव्हतं. मग आप्पा बाजूला झाले आणि म्हणाले, "जा. पर मीठ जादा घेत जा. घामानं पाय पांढरं पडल्यात तुझं."

जानेवारीत, साडेपाचच्या थंडीत, जुन्नरला तीनशे माणसं सुटली. दोनशे पावलांत समाधान सगळ्यांच्या मागे होता. त्याच्याही मागे फक्त टेम्पो. ड्रायव्हर सोपान, मागच्या सालचाच. त्याने काच खाली केली.

"काका, गेल्या साली पण तुमीच व्हता ना?"

"व्हय."

"मंग आत्ताच बसा की. जागा चांगली मिळंल."

"तू हो मागं," समाधान म्हणाला, "मी हाये पुढं." वाक्य पूर्ण, श्वास शाबूत. चाल बरोबर होती.

नियम सरळ होता. बारा वाजता शर्यत संपणार. वाटेतल्या पाण्याच्या टेबलांनाही वेळा होत्या. छत्तिसाव्या किलोमीटरचं शेवटचं टेबल अकराला बंद, आणि अकरानंतर जो येईल त्याला टेम्पोत बसवायचं. त्या टेबलावर कॉलेजच्या ज्या चार पोरी नेमल्या होत्या, त्यात साक्षी होती. आदल्या दिवशी तिने घरात सांगितलं, ते आरतीला. त्याच्याकडे न बघता.

नारायणगाव आलं तेव्हा ऊन पडलं होतं. द्राक्षाच्या बागांवर दव चमकत होतं. समाधान खाली बघून चालला होता, चालला म्हणजे पळत होता. पिंपळवंडीच्या शिवेवर अख्खं गाव जमलेलं. गेल्या सालचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला, आणि ह्या सालीही मोबाईल तयार होते, खोटं कशाला बोला. आरतीने शेंगदाण्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. "येळ झालाय का?" त्याने विचारलं. "न्हाई," ती म्हणाली, "जल्मात पहिल्यांदा."

आप्पा बाजूला उभे होते. गळ्यात घड्याळ, आणि ते चालू होतं. साडेपाचला त्यांनी घरूनच दाबलं होतं म्हणे. त्या घड्याळाने आजवर पंधरा सेकंदांच्या वर काही मोजलेलं नव्हतं. त्यातला तासाचा आकडा कुठे उमटतो हे आप्पांनाही त्या दिवशीच कळलं. तिथे तीन आला होता, आणि पुढे तीन मिनिटं. आप्पांचं तोंड उघडं, पण भिर्रर्र बाहेर आलं नाही. त्यांनी फक्त हात वर केला. ज्या माणसाचा आवाज तीन गावांच्या घाटांत घुमतो तो गप्प उभा आहे, हे बघून मोबाईलवालेही आपोआप गप्प झाले. ती शांतता काही वेगळीच होती, राव. नुसती बुटांची चटचट, लांब जात गेलेली.

सत्तावीस आला. ते कांद्याचं वावर. ह्या साली तिथे गहू होता. समाधानने एकदा बघितलं आणि पुढे गेला.

तिसाच्या पुढे त्याला रस्त्याकडेला माणसं भेटू लागली. पहाटे हरणासारखी सुटलेली पोरं, कुणी पोटरी धरून बसलेलं, कुणी झाडाला टेकलेलं. तो प्रत्येकाला मीठ देत गेला. "चला पावणं, हळूहळू." एकजण रडत होता. समाधान त्याच्याशी पन्नास पावलं चालला, मग म्हणाला, "आता तू ये. मला पुढं काम हाये."

आणि बत्तीसच्या दगडापाशी त्याचंही सरलं. हे सांगायला शब्द तोकडे पडतात. पोटऱ्या नव्हत्या, मांड्या नव्हत्या, कमरेखाली कुणीतरी ओली वाळू भरली होती. ऊन डोक्यावर. जीभ टाळ्याला. मागून टेम्पोचं इंजिन घरघरत होतं, आणि सोपान आता थट्टा करत नव्हता, हे जास्त भीतीचं होतं. बापाने जपायला सांगितलेलं शेहेचाळीस वर्षांचं शरीर म्हणत होतं, बस. समाधानने कुणाशी तरी बोलून बघावं म्हणून तोंड उघडलं. "पाणी... उद्या..." एवढंच निघालं. वाक्य पूर्ण होईना. मग त्याने चाल कमी केली. टेम्पोचं बोनेट दिसेल इतकी कमी केली. एवढी भीती उरावर असताना वेग कमी करायला काय छाती लागते, हे ज्याने आयुष्यभर घाई केली त्याला कळायचं नाही. अर्धा किलोमीटर तसा गेला. मग वाक्य पूर्ण निघालं. "पाणी उद्या दुपारी येईल." एका म्हशीला सांगितलं त्याने. आणि पाय परत हलू लागले.

छत्तीसच्या टेबलाचा पिवळा रंग लांबून दिसला. इथे त्याच्या मनात जे चाललं होतं ते त्याने पुढे कधीतरी आरतीला सांगितलं, म्हणून कळलं. तो विचार करत होता, की पोरीच्या मैत्रिणी असणार. अंगावर मिठाचे पांढरे डाग, नाक वाहतंय, चड्डी काखेपर्यंत ओढलेली. गेल्या साली तिला फलकामागे जावं लागलं. आज टेबल सोडून तिला जाता येणार नाही. तेव्हा ओळख दाखवायची नाही. पाणी घ्यायचं आणि जायचं.

दहा सत्तावन्नला तो टेबलाशी पोचला. साक्षीच्याच हातात लिंबूपाण्याचा पेला होता. त्याने तिच्याकडे न बघता घेतला. एक घोट तोंडात धरला, गिळला.

"थँक्यू, ताई," तो म्हणाला, आणि निघाला.

साक्षीच्या शेजारची पोरगी म्हणाली, "बाप रे, ह्या काकांचं वय बघ गं. कोण असतील?"

चार पावलं, पाच पावलं गेली असतील.

"पप्पा!"

अशी हाक आली की बाजूच्या झाडावरची पाखरं उडाली. समाधान वळला. साक्षी टेबलाच्या पुढे रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्ही मुठी आवळलेल्या, चेहरा लाल.

"माझे पप्पा आहेत ते!" ती मैत्रिणींना, टेम्पोला, उसाला, सगळ्यांना सांगत होती. मग तिच्या लक्षात आलं की हा थांबलाय. "अहो, थांबताय काय! तीन मिनिटं राहिलीत इथली! पळा!"

समाधान पळाला. आप्पांच्या घाटात जसा पळाला होता तसा, वीसएक पावलं. मग शहाणपण आलं आणि परत आपल्या चालीवर उतरला. डोळे पुसायला थांबला नाही, ते वाऱ्यावर वाळू दिले.

अकराला टेबल आवरलं, तोवर मागचे चौघे-पाचजणही ते ओलांडून गेले. पोरींना परत न्यायला तोच टेम्पो. म्हणजे पुढे समाधान, आणि मागे टेम्पोत क्रेटांवर बसलेली त्याची पोरगी, अर्धी बाहेर लटकलेली. सोपानने सवयीने हॉर्न दिला तर तिने पत्र्यावर थाप मारली. "ओ दादा, हॉर्न वाजवायचा नाही! बसणार नाहीयेत ते!"

"अगं ताई, मी कुठं म्हणलं बसा?" सोपान म्हणाला. "मी आता बसवून घेणार पण न्हाई."

सहा किलोमीटर. गाडीवर दहा मिनिटांचं काम. जुन्नर जवळ आलं, शिवनेरी मोठी होत गेली, आणि तो माणूस त्याच एका चालीत पुढे सरकत राहिला. चाळीसला खांदे पडले, एकेचाळीसला मान कलली, पण पाय चालूच. दुकानदार गल्ले सोडून बाहेर आले. कुणी टाळी वाजवायला हात वर केले आणि तसेच धरून ठेवले. ज्याला आपण चहा थंड होईस्तोवर चिडवलं, ज्याच्या चालीवर तीस वर्षं पोट धरून हसलो, तो सकाळच्या अंधारापासून भर दुपारपर्यंत एकदाही न बसता चालून आला होता. हा माणूस कायम असाच चालत होता. बघणाऱ्यांनाच कधी सहा तास उभं राहून बघायची सवड झाली नव्हती.

अकरा चोपन्नला त्याने रेषा ओलांडली. कमान अर्धी सोडलेली, फुगे फुटलेले, माईकवाला जेवायला गेलेला. त्याच्यामागून चौघे-पाचजण आले, त्यात मीठ घेतलेला तो रडका पोरगाही होता.

समाधान दुकानाच्या पायरीवर बसला, म्हणजे पडला. साक्षी टेम्पोतून उडी मारून आली आणि खाली बसून त्याच्या बुटाची नाडी सोडू लागली. गाठ घामाने आवळली होती, सुटेना. तेवढ्यात आप्पा आले. एक्सेल तशीच रस्त्यात टाकून. ते धोतर सावरत डांबरावर मांडी घालून बसले, समाधानचा दुसरा पाय उचलून मांडीवर घेतला, बूट काढला, आणि दोन्ही तळव्यांनी पोटरी खालून वर चोळायला लागले.

समाधानने पाय ओढून घेतला. "आप्पा! काय करताय? लोकं बघत्यात."

"बघू दे," आप्पा म्हणाले, आणि पाय परत मांडीवर घेतला. "लोकांनी बघायला पायजे."

भर बाजारपेठेत, दुपारच्या बाराला, पिंपळवंडीचा बागायतदार पाटकऱ्याचे पाय चोळत बसला होता, आणि इतके जण जमले असूनही कुणाला विनोद सुचत नव्हता. साक्षीने शेवटी दातांनी गाठ सोडवली. आतला मोजा रक्ताने चिकटला होता. तिने तो अगदी सावकाश, पायाला लागू नये म्हणून बोटाबोटाने सोडवत काढला, आणि एवढा वेळ लागला तरी समाधान तिला एकदाही लवकर कर म्हणाला नाही.